दोन लेगबाय

नौपाडा, ठाणे
रविवार, रात्र

चि. सोहम यास,


काल फोनवर बोलता बोलता तू गप्प झालास आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलंस. डोंबिवलीतल्या नाइट टुर्नामेंटला सामन्याआधी कुणीतरी तुझ्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, ‘तिसऱ्या ओव्हरचा पहिला बॉल वाइड टाक, हजार रुपये देतो. मॅच काय, तुम्हीच जिंकणार आहात.’ तू हसून टाळलंस. तो म्हणाला, ‘पुढच्या शनिवारी बघू.’ आणि मग तू मला विचारलंस, ‘आबा, आयपीएलमध्येसुद्धा हेच चालतं. निकाल बदलत नसेल तर एका वाइडनं बिघडतं काय?’

उत्तर मला तेव्हाच सुचलं होतं, पण ते फोनवर सांगण्याजोगं नव्हतं. तुझी आई जवळच होती. म्हणून हे पत्र. सावकाश वाच.

आधी त्या हजार रुपयांचा हिशेब करू. सट्टा नुसता कोण जिंकणार यावर लागत नाही. या षटकात किती धावा, पहिल्या सहा षटकांत किती, यावरही भाव निघतात. बुकी त्याला ‘सेशन’ म्हणतात. अमुक षटकात किती धावा जाणार हे ज्याला आधीच ठाऊक आहे, तो पैज लावत नसतो, समोरच्याचा खिसा कापत असतो. तुझ्या एका वाइडवर त्या माणसानं किती लावले असतील, हे तुला कधीच कळणार नाही. हजार रुपयांवरून अंदाज बांधू नकोस.

२०१३ च्या मे महिन्यात हेच मोठ्या मैदानावर घडल्याचा आरोप झाला. १५ मेच्या रात्री वानखेडेवर मुंबई इंडियन्स आणि राजस्थान रॉयल्सचा सामना झाला आणि त्यानंतर काही तासांत दिल्ली पोलिसांनी राजस्थानच्या तिघांना मुंबईतून उचललं: श्रीशांत, अजित चंडिला आणि आपल्या मुंबईचा डावखुरा फिरकीपटू अंकित चव्हाण. पोलिसांचं म्हणणं असं की, एका षटकात ठरलेल्या धावा द्यायच्या आणि त्याआधी खूण करायची. कुणी कमरेला टॉवेल खोचायचा, कुणी आणखी काही. चंडिला म्हणे धावा देऊन बसला, पण खूण करायलाच विसरला. बुकींना पैसे लावता आले नाहीत आणि त्यांनी उचल परत मागितली. मी हे पेपरात वाचलं तेव्हा हसलो होतो. हसू ओसरल्यावर लक्षात आलं, की या व्यवहारात चुकीलासुद्धा वसुली असते. एकदा पैसे घेतले की तू गोलंदाज उरत नाहीस, देणेकरी होतोस.

पुढचंही सांगतो, कारण अर्धं सांगणं म्हणजे अफवा पसरवणं. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयानं तिघांनाही आरोपमुक्त केलं. संघटित गुन्हेगारीचा जो कडक कायदा लावला होता, त्याला पुरेसा आधार सापडला नाही. आणि फिक्सिंग हा आपल्याकडे स्वतंत्र गुन्हाच नाही. क्रिकेट बोर्डाची बंदी मात्र कायम राहिली. श्रीशांत आणि अंकितची आजन्म बंदी पुढे सात वर्षांवर आली. अंकित तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. फिरकीपटूची खरी कमाई सत्ताविशीनंतरच सुरू होते. सात वर्षांनी दार उघडलं, पण तोवर गाडी पुढच्या स्टेशनात गेली होती.

आता तू म्हणशील, पोरंच का सापडतात, मालक का नाही? रास्त प्रश्न आहे. त्याच महिन्यात मुंबई पोलिसांनी चेन्नई सुपर किंग्जच्या गुरुनाथ मय्यप्पनला सट्ट्याच्या आरोपावरून अटक केली. त्याचे सासरे एन. श्रीनिवासन तेव्हा क्रिकेट बोर्डाचे अध्यक्ष होते आणि त्यांचीच इंडिया सिमेंट्स कंपनी चेन्नई संघाची मालक. म्हणजे अंपायर नेमणारा, नियम करणारा आणि संघ चालवणारा एकाच घरातला. बोर्डाच्या पदाधिकाऱ्याला संघ विकत घेता यावा म्हणून बोर्डाचा नियमच २००८ मध्ये बदलला गेला होता. तो बदल सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१५ मध्ये रद्द केला. त्याच वर्षी जुलैत न्यायालयानंच नेमलेल्या न्यायमूर्ती लोढा समितीनं चेन्नई आणि राजस्थान हे दोन्ही संघ दोन वर्षांसाठी बाहेर ठेवले. मय्यप्पन आणि राजस्थानचे राज कुंद्रा यांना क्रिकेटपासून कायमचं दूर केलं. कुंपणानं शेत खाल्लं, हे निदान कागदावर तरी आलं. पण २०१८ मध्ये चेन्नई परतली आणि त्याच वर्षी वानखेडेवर करंडक जिंकली. संघाला दुसरी संधी मिळते, सोहम. पोराला सहसा मिळत नाही. अन्याय आहे तो, पण तू तो धरून चाल.

आणि हे सगळं लांबचं आहे असंही समजू नकोस. २०१८ च्या मे महिन्यात ठाणे पोलिसांच्या खंडणीविरोधी पथकानं आयपीएलच्या सट्ट्यावर छापा घातला तो डोंबिवलीतच. तिथून धागा निघाला तो एका बड्या बुकीपर्यंत आणि जूनमध्ये अभिनेता अरबाझ खानला जबाबासाठी ठाण्याला यावं लागलं. सट्टा लावल्याचं त्यानं कबूल केलं, असं पोलिसांनी सांगितलं. डोंबिवलीतली खोली आणि सिनेमातलं घर यांत अंतर एका फोनचं.

गंमत सांगू? लोक ‘कल्याण मटका’ म्हणतात आणि बाहेरच्यांना वाटतं हे आपल्या कल्याणचं पाप. ते नाव कल्याणजी भगत नावाच्या माणसाचं, मुंबईतल्या धंद्याचं. आपल्या गावाला उगाच बट्टा लागला. मटका चालायचा तेव्हा गिरणीतला माणूस आकडा लावायचा तो निदान चिठ्ठीवर. आता व्हॉट्सॲपवर सट्ट्याचा ‘आयडी’ मिळतो आणि कॉलेजातली पोरं लोकलमध्ये उभ्याउभ्या हरतात. राज्याचा जुगारबंदीचा कायदा १८८७ चा. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी आणणारा केंद्राचा कायदा २०२५ च्या ऑगस्टमध्ये झाला. मधल्या काळात पैसा किती वाढला बघ: आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले.

पण तुझा प्रश्न पैशांचा नव्हता. ‘बिघडतं काय’ हा होता. त्यासाठी दोन गोष्टी सांगतो. एक दुसऱ्याची, एक माझी.

ज्या मे महिन्यात राजस्थानचे ते तिघं पकडले गेले, त्याच महिन्यात त्याच संघातून प्रवीण तांबे आयपीएलमध्ये पहिल्यांदा खेळले. वय एक्केचाळीस. त्याआधी एकही प्रथमश्रेणी सामना नाही. सगळी उमेद मुंबईच्या मैदानांवर क्लब क्रिकेटमध्ये, नोकरी सांभाळून गेलेली. दोन वर्षांनी, २०१५ मध्ये, मुंबईचा फलंदाज हिकेन शाह यानं आयपीएलमधल्या एका खेळाडूपुढे फिक्सिंगचा प्रस्ताव ठेवला. त्या खेळाडूनं तो थेट वर कळवला आणि हिकेनवर बंदी आली. बोर्डानं कळवणाऱ्याचं नाव सांगितलं नाही, पण पेपरांत तांब्यांचं नाव छापून आलं. ओळखीचा माणूस, मैदानावरचाच. ‘नाही’ म्हणून विषय संपवणं सोपं होतं. कळवणं अवघड.

आणि नियम नेमका हाच आहे: नकार पुरत नाही, कळवावंही लागतं. बांगलादेशच्या शाकिब अल हसनवर २०१९ मध्ये बंदी आली, ती फिक्सिंग केलं म्हणून नव्हे. बुकीकडून झालेली विचारणा लपवली म्हणून. त्यातली एक विचारणा आयपीएलच्या सामन्याबद्दल होती. उलट मोहम्मद सिराजला २०२३ मध्ये एका माणसानं संघातली आतली माहिती विचारली, सिराजनं लगेच कळवलं. विचारणारा कुणी बडा बुकी निघाला नाही, तर सट्ट्यात पैसे घालवून बसलेला हैदराबादचा एक ड्रायव्हर निघाला. तुझ्या खांद्यावर हात टाकणाराही असाच कुणीतरी असेल, स्वतः बुडालेला.

आता माझी गोष्ट. तुझ्या आजीलाही माहीत नव्हती.

१९८४ साली आझाद मैदानावर ऑफिसांचा सामना होता. मी आमच्या संघाचा स्कोअरर. माझा मित्र ४८ वर बाद झाला. चहाच्या वेळी तो शेजारी येऊन बसला. ‘दोनच धावा रे. पन्नास झाल्या की पेपरात नाव येतं.’ त्याच्या डावात दोन लेगबाय गेले होते. चेंडू पॅडला लागून फाइन लेगकडे गेला होता, अंपायरनं गुडघ्याला हात लावून खूण केली होती आणि मी हात वर करून ती पोचल्याचं कळवलंही होतं. मी रबर घेतलं, लेगबाय खोडले आणि त्या दोन धावा मित्राच्या नावावर चढवल्या. एकूण धावसंख्या तीच. निकाल तोच. समोरच्या संघाचा स्कोअरर भला माणूस, त्यानं माझ्याच वहीवरून उतरवून घेतलं.

पण वही जुळावी लागते, सोहम. लेगबाय गोलंदाजाच्या खात्यात जात नाहीत. फलंदाजाच्या धावा जातात. दोन धावा मित्राला द्यायच्या, तर गोलंदाजाच्या नावावर दोन चढवाव्या लागल्या. ते षटक निर्धाव होतं. सहा खुणा जोडून मी ‘एम’ काढला होता, तोही खोडावा लागला. गोलंदाज अठरा वर्षांचा मुलगा, कल्याणहून पहाटेच्या लोकलनं आलेला, संघात पक्की जागा मिळवायला धडपडणारा. सामना संपल्यावर तो वहीपाशी आला, आपल्या ओळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, ‘दादा, ती ओव्हर मेडन होती ना?’

मी म्हटलं, ‘नाही रे.’

त्यानं वाद घातला नाही. किट उचललं आणि व्हीटीच्या दिशेनं चालू लागला. मित्राचं नाव दुसऱ्या दिवशी बारीक अक्षरांत छापून आलं. आम्ही वडापाव खाल्ला. त्या मुलाचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही. त्याचं नाव मला अजून आठवतं, पण इथे लिहीत नाही.

तर निकाल बदलला नाही तरी काय बिघडतं, याचं माझ्याजवळचं उत्तर एवढंच. कुणाला तरी फुकट दिलेली धाव दुसऱ्या कुणाच्या तरी रकान्यातून काढावी लागते, आणि तो समोर येऊन विचारतो तेव्हा तोंड वर करून बघता येत नाही. तू वाइड टाकशील तेव्हा मागे उडी मारून तो अडवायला तुमचा यष्टिरक्षक असेल. तो तुझ्या शेजारच्या बाकावर बसतो ना?

२०२४ च्या मार्चमध्ये आपण दादोजी कोंडदेवला आयएसपीएल बघायला गेलो होतो, आठवतं? टेनिस बॉलवर खेळणारी पोरं, लिलावात बोली लागलेली, आणि तू म्हणालास, ‘आबा, इथे मीही असू शकतो.’ असशील. पण तिथवर जाणाऱ्या मुलाला शनिवारी काय करायचं ते आजच ठरवावं लागतं. उद्या सकाळी कप्तानाला सांग. मग दोघं मिळून आयोजकांना सांगा, त्या माणसाचं वर्णन, वेळ, शब्द, सगळं. त्यांनी हसून टाळलं तर ती टुर्नामेंट सोड, मैदानं काही कमी नाहीत. आईलाही सांग. रागावेल, पण तुझ्यावर नाही.

शनिवारी मीही येतो. संध्याकाळच्या लोकलला गर्दी असते, तरी येतो. माझी जुन्या पद्धतीची नवी वही आणि दोन पेन्सिली घेऊन सीमारेषेपाशी बसेन. रबर आणणार नाही. तिसऱ्या ओव्हरचा पहिला बॉल तुझ्या हातून खरोखरच निसटून वाइड गेला, तर मी वाइडच लिहीन. घाबरू नकोस, पुढचा नीट टाक.

तुझा,
आबा