पाच ताऱ्यांची साक्ष

शास्त्रपाठ : निर्गम 20:16, अनुवाद 25:13-16, आमोस 8:4-6



नववी आज्ञा आपल्या शब्बाथशाळेतील मुले तोंडपाठ म्हणतात. खोटी साक्ष म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोर्ट येते आणि पिंजऱ्यात शपथ घेऊन उभा राहिलेला मनुष्य येतो. आपल्यापैकी बहुतेकांना कोर्टाची पायरी कधी चढावी लागत नाही. म्हणून ही एक आज्ञा तरी आपण पाळली आहे असे आपण धरून चालतो. आम्हीही तसेच धरून चाललो होतो. 2019 साली आम्ही इंटरनेटवरील एका लिलावातून एक पुस्तक घेतले आणि आमचा तो समज फिटला.

आम्हाला जुन्या नाण्यांचा नाद आहे. विधवेच्या दोन टोल्यांचा धडा (मार्क 12:41-44) शिकवताना ते नाणे केवढे होते हे मुलांना दाखवावे असे फार दिवस मनात होते. ते काशाचे, करंगळीच्या नखाएवढे, बहुधा झिजलेले असे. मुलांना वाटते की विधवेने निदान रुपया तरी टाकला असेल. तर लिलावात नाणेसंग्रहाचे एक इंग्रजी मार्गदर्शक पुस्तक दिसले. दोनशे पाने, रंगीत चित्रे, पवित्र शास्त्रातील नाण्यांवर स्वतंत्र प्रकरण, असे वर्णन होते. शंभर रुपयांपासून बोली सुरू झाली. दुसरा कोणी वीस वाढवी, की आम्ही तीस वाढवावे! रात्री अकरा वाजता सहाशे रुपयांना पुस्तक आमचे झाले, आणि जणू काही मोठी लढाई जिंकली अशा आनंदात आम्ही झोपलो. लिलावाची हीच खुबी आहे. वस्तू कशी आहे याचा विचार मागे पडतो आणि समोरच्याला हरवायचे एवढेच उरते.

पार्सल उघडले तेव्हा चौसष्ट पाने निघाली. मोठा टाइप, चित्रे झेरॉक्सवरून झेरॉक्स काढल्यासारखी काळी. शास्त्रातील नाण्यांचे प्रकरण दीड पानाचे. हिंदुस्थानी नाण्यांविषयी अगदी प्राथमिक माहितीही नव्हती. आजच्या नाण्यावर सालाखाली हिऱ्यासारखी खूण असली तर ते मुंबईच्या टांकसाळीचे, तारा असला तर हैदराबादचे, वाटोळा ठिपका असला तर नोएडाचे आणि काहीच नसले तर कोलकात्याचे, हे नवशिक्या संग्राहकालाही पहिल्या आठवड्यात कळते. त्या पुस्तकाच्या लेखकाला ते ठाऊक नसावे.

पुस्तकात एक चिठ्ठी होती. पाच तारे द्या, दोन चांगले शब्द लिहा. दुसरे पुस्तक मोफत पाठवू. आम्ही पाच तारे दिले. ‘अत्यंत उपयुक्त’ असे लिहिलेही. फसलो हे चारचौघांत कबूल करण्याची लाज होती, मोफत पुस्तकाचा मोह होता, आणि ‘जाऊ दे, बिचाऱ्याचे पोट आहे’ अशी एक पवित्र सबबही हाताशी होती. घरी मात्र सौभाग्यवतींना आम्ही सांगितले, “सहाशे रुपये पाण्यात गेले.”

बंधूंनो, अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात परमेश्वर पिशवीतल्या दोन वजनांविषयी बोलतो, एक मोठे आणि एक लहान. आम्ही हा भाग किती वेळा वाचला, त्यावर बोललोही. पण तो नेहमी वाण्याला लावला. एकाच पुस्तकाला घरात एक वजन आणि बाहेर दुसरे वजन लावणारी पिशवी आमच्याच खांद्यावर होती. नीतिसूत्रे 20:14 मध्ये माल घेताना नावे ठेवणारा आणि घरी जाऊन बढाई मारणारा गिऱ्हाईक आहे. आम्ही त्याच्या उलट केले, एवढाच फरक. खोटे दोन्हीकडे आहे.

या ताऱ्यांचा इतिहास थोडा पाहण्यासारखा आहे. अमेरिकेत 1995 साली पिअर ओमिद्यार यांनी लिलावाचे जे स्थळ सुरू केले त्याचे पुढे ‘ईबे’ झाले. तेथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेसर पॉइंटर, 14 डॉलर 83 सेंटला. घेणाऱ्याला तो मोडका असल्याचे समजले आहे ना, अशी ओमिद्यार यांनी चौकशी केली. तो म्हणाला, मी मोडकेच गोळा करतो! म्हणजे आरंभी मोडके ते मोडके म्हणून विकले गेले. 1996 मध्ये घेणाऱ्या-विकणाऱ्यांनी एकमेकांविषयी अभिप्राय लिहिण्याची सोय झाली. अनोळखी माणसांचा विश्वास या साक्षीवरच उभा राहिला. पण पुढे विकणारे उलट वाईट लिहितील या भीतीने घेणारे खरे लिहीनात; शेवटी 2008 साली विकणाऱ्यांनी गिऱ्हाइकाविषयी वाईट अभिप्राय देणेच बंद करावे लागले. एकेका सेंटला संगणकी पुस्तिका विकून नुसते चांगले अभिप्राय गोळा करण्याचाही धंदा चालला होता, आणि त्याच वर्षी अशा मालाच्या लिलावास बंदी झाली. आपल्या देशातही 2022 च्या नोव्हेंबरात अशा अभिप्रायांसाठी भारतीय मानक निघाले. सरकारला मानक काढावे लागते, यावरून आमच्यासारखे किती असतील ते पाहा.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहावयास घेतले ती सांगतो. आमच्या मंडळीत एक तरुण आहे. त्याचे घराणे आजोबांच्या वेळी जालन्याकडून हैदराबादेस आले. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते, आणि आजोबांनी हाली शिक्क्याचे काही रुपये जपून ठेवले होते. एका बाजूस चारमिनार, तिच्या दारात ‘ऐन’ हे अक्षर. 2020 च्या टाळेबंदीत त्या मुलाचे काम सुटले. जुन्या नाण्यांना लाखो रुपये मिळतात असे निरोप त्याच्या फोनवर येऊ लागले. (रिझर्व्ह बँकेने अशा फसव्या निरोपांविरुद्ध ऑगस्ट 2021 मध्ये इशारा दिला, पण तोवर पुष्कळ घरांत आशा शिरली होती.) त्याने माहिती शोधली, तेव्हा तेच पुस्तक सापडले, आणि खाली आमचे नाव व आमचे पाच तारे. त्याने सहाशे रुपये घातले.

पुस्तकात लिहिले होते की लिंबाचा रस व खाण्याचा सोडा लावून नाणी घासावीत, म्हणजे किंमत वाढते. हे पान आम्हीही वाचले होते आणि ते चूक आहे हे आम्हाला ठाऊक होते. चांदीवर वर्षानुवर्षे जी काळसर छटा चढते तिला संग्राहक जपतात. नाण्यात कोणी हात घातला नाही याची ती खूण असते. घासले की ती जाते, बारीक ओरखडे उठतात, आणि ते परत भरून येत नाहीत. मुलाने एका दुपारी सगळे रुपये लख्ख केले. व्यापाऱ्याने भिंगातून पाहिले आणि चांदीच्या वजनाचा भाव सांगितला.

उपासनेनंतर त्याने हे आम्हाला सांगितले. रागावला नाही. म्हणाला, “काका, तुमचं नाव होतं म्हणून घेतलं.”

आमोसाच्या आठव्या अध्यायात गव्हाबरोबर भुसा विकणारे व्यापारी आहेत. त्या दिवसापर्यंत आम्ही स्वतःला भुसा मिळालेल्यांत धरीत होतो.

लेवीयाच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे की फसवून घेतलेले परत करावे, आणि वर पाचवा हिस्सा द्यावा. मग वेदीकडे जावे. क्रम लक्षात घ्या. आम्ही रात्री प्रार्थना केली, आणि ती होईना. दुसऱ्या दिवशी प्रथम तो अभिप्राय बदलला : पाने किती, चित्रे कशी, कोणते पान घातक, आणि पहिला अभिप्राय आम्ही मोफत पुस्तकाच्या लोभाने लिहिला होता, हेही. मग सातशेवीस रुपये घेऊन त्या मुलाच्या घरी गेलो. त्याने घेतले नाहीत. त्याच्या आईने घेतले. “मुलाला लाज वाटते, मला नाही,” म्हणाल्या. आम्हाला ते बरे वाटले. नाण्यांचे नुकसान काही सातशेवीसने भरण्यासारखे नव्हते, हे त्यांनाही ठाऊक होते आणि आम्हालाही.

निघताना त्यांनी शिवणयंत्राच्या खणातून एक रुपया काढला. दोऱ्याच्या रिळांखाली अडकून तो घासायचा राहिला होता; काळा पडलेला, पण चारमिनार स्वच्छ दिसत होती. तो त्यांनी शब्बाथशाळेत दाखवण्यासाठी दिला आहे. मुलांनी तो कडेला धरून पाहावा, पुसू नये, एवढे त्यांनी बजावून सांगितले आहे.