ड्रम कुणी वाजवायचे?

चौघांचा बँड, हाताशी पंचवीस हजार रुपये आणि तीन गाण्यांचा डेमो करायचा. गिटार, बेस आणि गाणं कोथरूडच्या दोन खोल्यांत सहज मुद्रित होईल. घोडं अडतं ते ड्रमपाशी.

गिटार वाजवणाऱ्या मुलीनं हिशेब कागदावर मांडला होता. दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, एक माइक, एक हेडफोन. बेस थेट इंटरफेसमध्ये. सॉफ्टवेअर म्हणून रीपर, कारण ते साठ दिवस फुकट वापरून पाहता येतं. आणि ड्रम संगणकावर प्रोग्रॅम करायचे. तिचा मामेभाऊ बरीच वर्षं स्टुडिओत ध्वनिमुद्रण करतो. त्यानं कागद वाचला.

"आणि तुमचा ड्रमर?"

"त्याला विचारलंय, दादा. तो हो म्हणाला."

"हो म्हणाला, की नाही म्हणता आलं नाही?"

ती जरा चिडलीच. आठ इनपुटचा इंटरफेस आणि तेवढे माइक घ्यायचे तर पैसे तिथेच संपतात. घरात ड्रमकिट लावलं तर खालचे काका पाचव्या मिनिटाला वर येतील. भिंतींना गोधड्या लावायचाही विचार तिनं केला होता.

"गोधड्यांनी झांजांची किरकिर कमी होईल," दादा म्हणाला. "पण शंभर हर्ट्‌झच्या आवाजाची तरंगलांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते. त्याला गोधडीनं काही फरक पडत नाही. बास ड्रम खोलीभर घुमतच राहील. घर ही ड्रमची जागा नाही, हे मला मान्य आहे."

"मग झालं तर! बिली आयलिशचा २०१९चा पहिला अल्बम तिच्या भावाच्या बेडरूममध्ये झाला आणि पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळालं. तिथे कुठे ड्रमकिट लावलं होतं?"

"ती दोघं भावंडं. यंत्राचा ठोका हा त्यांच्या संगीताचाच भाग आहे. तिथे कुणाला उठवून त्याच्या जागी यंत्र बसवलेलं नाही."

"बीटल्सनी तर बसवला ना दुसरा? 'लव्ह मी डू'ला?"

उदाहरण नेमकं होतं. सप्टेंबर १९६२ मध्ये हे गाणं लंडनमध्ये दोनदा मुद्रित झालं. ४ तारखेला रिंगो स्टारनं ड्रम वाजवले, पण निर्मात्यांचं समाधान झालं नाही. ११ तारखेला अँडी व्हाइट या व्यावसायिक ड्रमरला बोलावलं आणि रिंगोच्या हाती टँबरीन दिलं. ऑक्टोबरमध्ये एकल तबकडी निघाली ती रिंगोच्या ड्रमसह, आणि पुढच्या वर्षीच्या अल्बमवर मात्र व्हाइटची आवृत्ती घेतली गेली. बँड मोडला नाही. पण ती सल रिंगोच्या मनात बरीच वर्षं राहिली.

"तो निर्णय निर्मात्यांचा होता," दादा म्हणाला. "इथे तो तू घेते आहेस. ज्याच्याबरोबर दर आठवड्याला वाजवतेस, त्याच्याविषयी."

"पण स्टेजवर तोच येणार आहे, आणि तो यंत्रापेक्षा चांगलंच वाजवतो. बोलावणाऱ्याला डेमोपेक्षा सरस मिळालं, तर यात फसवणूक कुठे आली?"

या प्रश्नावर दादा लगेच बोलला नाही. प्रश्नात दम आहे. नमुना खऱ्या मालापेक्षा उणा असला, तर तक्रार करणार कोण?

"ऐकणाऱ्याची फसवणूक होते असं मी म्हणत नाही. तुमचं काय होतं ते बघ. यंत्राच्या ठोक्यावर वाजवशील तेव्हा तू त्याला धरून वाजवशील. ड्रमरबरोबर असताना ध्रुवपदाला तुम्ही चौघंही किंचित पुढे सरकता. मी ऐकलंय. ते जाईल. म्हणजे डेमोत फक्त त्याची जागा रिकामी राहणार नाही, तुझी गिटारही वेगळी होईल."

एकाला वगळलं की उरलेल्या तिघांचं वाजवणंही बदलतं. काटकसरीच्या कागदावर या नुकसानीसाठी रकाना नसतो, म्हणून ते फुकट वाटतं. दादाचं पारडं इथे जड आहे.

तिनं मग 'नेब्रास्का' काढला. १९८२च्या जानेवारीत ब्रूस स्प्रिंगस्टीननं न्यू जर्सीतल्या घरी चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर गाणी मुद्रित केली, ती बँडला शिकवण्यासाठी. स्टुडिओत बँडसह केलेल्या आवृत्त्यांत तो जीव येईना, तेव्हा शेवटी ती कॅसेटच अल्बम म्हणून निघाली. "पण दादा, त्यातही ड्रम नाहीत!"

"नाहीतच. एकट्या माणसाची गाणी होती, आणि रेकॉर्डिंगही एकट्याचंच राहिलं. तुम्ही चौघं आहात."

मग बोलणं कामावर आलं. जॅमरूम तीन तासांसाठी भाड्यानं घ्यायची. इंटरफेसला दोनच इनपुट आहेत, तर ड्रमला दोनच माइक. दादाचे कंडेन्सर माइक उसने मिळतील. एक स्नेअरच्या वर दोन काठ्यांच्या लांबीवर, दुसरा ड्रमरच्या उजव्या खांद्याजवळ. स्नेअर आणि बास ड्रम, दोन्हींपासून दोन्ही माइक सारख्याच अंतरावर हवेत, म्हणून दोरीनं मोजायचं. चौतीस सेंटिमीटरचा फरक पडला तर आवाज एका माइकमध्ये मिलिसेकंदभर उशिरा पोचतो. मग दोन्ही एकत्र ऐकताना पाचशे हर्ट्‌झच्या आसपासचा आवाज पोकळ होतो.

"आणि मी?"

"तू समोर बसून हळू आवाजात वाजव. थोडी गिटार माइकमध्ये शिरेल. शिरू दे. घरी त्यावरच पुन्हा वाजव. चुकलीस तर चूकही शिरेल, एवढं लक्षात ठेव."

"तीन तासांत तीन गाणी नाही व्हायची."

"एक होईल. फार तर दोन."

कार्यक्रम ठरवणारे दोन-तीन गाणी मागतात, हे तिचं म्हणणं खरंच होतं. तरी तिनं ड्रमरला फोन लावला. या वेळी चालेल का असं न विचारता, कोणतं गाणं घ्यायचं हे विचारलं. त्यानं लगेच नाव घेतलं. अवघड म्हणून तिनं यादीतून काढलेलं ते संथ गाणं. मध्यावर लय सुटी होते आणि पुन्हा पकडते, तेच.

हेडफोन उसना घ्यायचं ठरवून तिनं त्या ओळीत जॅमरूमचं भाडं लिहिलं. वाजवताना कानात क्लिक, म्हणजे यंत्राचा एकसारखा ठोका, लावायचा की नाही, यावर मात्र दोघांचं अजून जुळलेलं नाही.