धोतराचे दुसरे टोक



आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून सणसरकडे निघाली की काटेवाडीत तिचे स्वागत कसे होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. परीट समाजाची मंडळी रस्त्यावर धोतरांच्या पायघड्या घालतात, मग मेंढ्यांचे रिंगण होते. आपलीही काही कुटुंबे वारकऱ्यांना पाणी देतात, चहा देतात. त्यात कोणाला प्रश्न पडत नाही. तहानलेल्याला पाणी देताना त्याचा धर्म विचारायचा नसतो, हे आपल्याला शुभवर्तमानाने शिकवले आहे.

एका वारीनंतरच्या रविवारी मात्र एक मावशी मिस्सा संपल्यावर मागे थांबल्या. त्यांच्या शेजारचे आजोबा पायघडी घालत होते. हात थरथरत होते, नातवंडे गर्दीत कुठे तरी. त्यांनी मावशींना हाक मारली, "जरा हे टोक धर गं." मावशींनी धरले. धोतर अंथरले गेले, पालखी त्यावरून पुढे गेली. "फादर, पाप झालं का हो?"

मी लगेच उत्तर दिले नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाकडे अशा प्रश्नांची उत्तरे तयार असतात असे लोकांना वाटते. तसे नसते. दुसऱ्याच्या उपासनेच्या किती जवळ जाऊन उभे राहायचे, हा प्रश्न भल्याभल्यांना सुटलेला नाही. त्यावर जे वाद मी वाचले, त्यांत लुथरन बांधवांचा आपसातला वाद मला सर्वांत शिकवणारा वाटला. आपल्या भागात लुथरन फारसे नाहीत. बारामतीत प्रॉटेस्टंट काम उभे केले ते ऑस्ट्रेलियाहून आलेल्या चर्चेस ऑफ ख्राइस्टच्या मिशनऱ्यांनी. लुथरन ख्रिस्तसभा पाहायची तर नागपूरच्या पलीकडे छिंदवाड्याला जावे लागेल. पण त्यांचा प्रश्न मावशींचाच आहे.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर बाराव्या दिवशी, २३ सप्टेंबरला, न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये मृतांसाठी सर्वधर्मीय प्रार्थनासभा झाली. त्या भागातील मिझुरी सिनॉड या लुथरन ख्रिस्तसभेचे प्रमुख डेव्हिड बेंकी तिथे गेले आणि त्यांनी येशूच्या नावाने एक छोटी प्रार्थना केली. आपल्या अध्यक्षांची परवानगी त्यांनी घेतली होती. तरी त्यांच्याच काही पाळकांनी तक्रार केली: मुसलमान, हिंदू, शीख धर्मगुरूंच्या रांगेत उभे राहून प्रार्थना केल्याने सगळे देव सारखेच असा संदेश गेला. २००२ मध्ये बेंकी यांना निलंबित करण्यात आले, २००३ मध्ये ते निलंबन रद्द झाले. पुढे डिसेंबर २०१२ मध्ये न्यूटाउनच्या शाळेत वीस मुले आणि सहा मोठी माणसे गोळीबारात मारली गेली. तिथल्या सर्वधर्मीय सभेत त्याच सिनॉडच्या एका पाळकाने शेवटचा आशीर्वाद दिला. त्यालाही माफी मागायला सांगण्यात आले, त्याने ती मागितली. मग लोकांचा संताप पाहून, हे प्रकरण आपण नीट हाताळले नाही म्हणून खुद्द अध्यक्षांनी माफी मागितली.

हे वाचून हसू येते किंवा राग येतो. मला आधी राग आला होता. नंतर त्यांचा इतिहास वाचला. १८१७ मध्ये प्रशियाच्या राजाने लुथरन आणि रिफॉर्म्ड या दोन पंथांना एकत्र आणून एकच ख्रिस्तसभा करायचे ठरवले. पुढे सर्वांसाठी एकच उपासनाविधी लादला गेला. ज्या पाळकांनी तो नाकारला त्यांतले काही तुरुंगात गेले, पुष्कळ कुटुंबे घरदार सोडून अमेरिकेला आणि ऑस्ट्रेलियाला गेली. मिझुरी सिनॉड १८४७ मध्ये स्थापन झाला तो अशाच आठवणी जपणाऱ्या जर्मन स्थलांतरितांमधून. त्यांच्या आजोबांनी एकी पाहिली ती हुकमाने आलेली. 'आपण सगळे एकच' हे वाक्य त्यांना आजही पोलिसाच्या तोंडून आल्यासारखे ऐकू येत असेल, तर त्यांना दोष कसा द्यावा?

शिवाय त्यांच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट आहे, ती सोडून देऊ नये. उपासना म्हणजे बोलणे. तोंडाने गप्प राहिले तरी गुडघे बोलतात, जोडलेले हात बोलतात. आणि जे मनात नाही ते देवासमोर बोलायचे नसते. मिझुरीचा माणूस हे गंभीरपणे घेतो. आपल्यापैकी किती जण घेतात? लग्नाच्या मिस्सेला फोटो काढत उभे राहणाऱ्यांना हा प्रश्न मी अधूनमधून विचारतो, उत्तर येत नाही.

पण सगळे लुथरन असे नाहीत. जगातील बहुतेक लुथरन ख्रिस्तसभा ज्या लुथरन वर्ल्ड फेडरेशनमध्ये आहेत, त्या फेडरेशनने ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबर्ग येथे आपल्या ख्रिस्तसभेबरोबर एका संयुक्त घोषणेवर सही केली. माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो देवाच्या कृपेने, या मूळ भांडणाच्या मुद्द्यावर दोन्ही बाजूंनी एकमत नोंदवले. मिझुरी सिनॉड त्यात नव्हता. ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी स्वीडनमधील लुंडच्या कॅथीड्रलमध्ये पोप फ्रान्सिस आणि फेडरेशनचे अध्यक्ष बिशप मुनीब युनान यांनी एकत्र प्रार्थना केली.

आणि या दोन टोकांच्या कितीतरी आधी एक लुथरन आपल्या मराठी राजाच्या घरात वावरत होता. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ १७५० मध्ये भारतात आले. जर्मन, दीक्षा लुथरन, पण पुढे पगार लंडनच्या अँग्लिकन संस्थेचा. इंग्रज शिपायांसाठी ते अँग्लिकन पद्धतीने उपासना चालवत. तंजावरच्या दरबाराशी बोलता यावे म्हणून ते मराठी शिकले. १७८७ मध्ये तुळजाराजे भोसले मरणाला टेकले तेव्हा त्यांनी दत्तक घेतलेल्या दहा वर्षांच्या सरफोजीला श्वार्ट्झ यांच्या ओटीत घातले. श्वार्ट्झ यांनी त्या मुलाला वाढवले, शिकवले, त्याच्या हक्कासाठी कंपनी सरकारशी भांडले. सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत. आपल्या घराण्याचा इतिहास त्यांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला. मात्र १३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ वारले तेव्हा सरफोजी पेटीजवळ येऊन रडले आणि दफनापर्यंत बरोबर राहिले. वाटेत गीते गायचे ठरले होते, पण गरीब लोकांच्या आक्रोशामुळे गाता आली नाहीत. पुढे राजांनी इंग्लंडमधील शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून एक संगमरवरी शिल्प करवून घेतले. ते तंजावरच्या चर्चमध्ये आहे: श्वार्ट्झ मरणशय्येवर, आणि त्यांचा हात हातात घेतलेले हिंदू राजे.

श्वार्ट्झ ढिले होते असे समजू नका. तंजावरच्या एका मराठी ब्राह्मण विधवेने बाप्तिस्मा मागितला, तेव्हा ती एका इंग्रज अधिकाऱ्याजवळ लग्नाशिवाय राहत होती म्हणून त्यांनी नकार दिला. तो अधिकारी वारल्यावर १७७८ मध्ये बाप्तिस्मा दिला. तीच पुढे पाळेयंकोट्टईची क्लोरिंडा. म्हणजे संस्कार कोणाला द्यायचा याबाबत ते कडक होते आणि हात कोणाचा धरायचा याबाबत नव्हते. या दोन गोष्टी एका माणसात राहू शकतात.

आपलीही गोष्ट सांगितली पाहिजे. १९१७ च्या आपल्या धर्मनियमांत कॅथलिकाने दुसऱ्यांच्या उपासनेत भाग घेण्याची मनाई होती. लग्नाला किंवा अंत्यविधीला गंभीर कारण असेल तर नुसते हजर राहता येई, ओठ न हलवता. म्हणजे मिझुरीचा नियम आपल्याकडे होताच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ऐक्याविषयीच्या आज्ञापत्रात दोन तत्त्वे शेजारी शेजारी ठेवली. उपासना ही ऐक्याची साक्ष असते, म्हणून ऐक्य नसताना ती एकत्र करणे बहुधा योग्य नाही. उपासना हे कृपेचे साधनही असते, म्हणून कधी कधी ती एकत्र करणे चांगले. परिषदेने कोणतेच तत्त्व खोडले नाही. २७ ऑक्टोबर १९८६ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी असिसीला सर्व धर्मांचे पुढारी बोलावले तेव्हाही भेद केला: एकत्र प्रार्थना करायला नव्हे, प्रार्थना करण्यासाठी एकत्र यायला. काही जणांना ही शब्दांची कसरत वाटते. मला तो प्रामाणिकपणा वाटतो.

या प्रामाणिकपणाची किंमत मात्र आपल्याच घरांत मोजली जाते. आपल्याकडे काही जोडपी अशी आहेत, एक कॅथलिक, एक प्रॉटेस्टंट. वीस वर्षे एका ताटात जेवलेली दोघे ख्रिस्तप्रसादाच्या वेळी वेगळी होतात, एक पुढे येतो, दुसरा बाकावर बसून राहतो. तो नियम पाळणारा मीच असतो. लुंडच्या निवेदनात या जोडप्यांच्या दुःखाची कबुली आहे, उपाय नाही. पोप फ्रान्सिस यांना २०१५ मध्ये रोमच्या लुथरन चर्चमध्ये एका लुथरन पत्नीने हेच विचारले, तेव्हा त्यांनीही सरळ परवानगी दिली नाही, प्रभूशी बोला आणि पुढे जा असे सांगितले. माझ्याजवळ याहून चांगले उत्तर नाही.

मावशींकडे मी आठवड्याने गेलो आणि त्यांना नामानाची गोष्ट सांगितली. अरामचा सेनापती नामान कुष्ठरोगातून बरा झाला आणि इस्राएलाच्या देवाला मानू लागला. पण त्याला एक अडचण होती. त्याचा राजा रिम्मोनाच्या देवळात जाई तेव्हा याच्या हातावर टेकून वाके, आणि मग यालाही वाकावे लागे. त्याबद्दल क्षमा असावी, असे त्याने अलीशाला विचारले. अलीशाने त्याला व्याख्यान दिले नाही, शांतीने जाऊ दिले. दुसऱ्या राजांच्या पुस्तकात, पाचव्या अध्यायात आहे, घरी वाचा.

"तुम्ही कोणासाठी टोक धरलंत?" मी विचारले.

"आजोबांसाठी. पडले असते ते."

"मग ते टोक तेवढंच बोललं."

मावशींनी थोडा विचार केला. "आणि फादर, पालखी जवळ आली तेव्हा डोकं आपोआप खाली गेलं, त्याचं काय?"

त्यावर आम्ही दोघेही बराच वेळ बोललो नाही. मग त्यांनी चहा ठेवला.