जास्वंद, स्फटिक आणि फ्लॅश

फ्लॅशच्या उजेडात टिपलेल्या फुलावर परक्या रंगाची छटा चढते आणि ती काढून टाकावी लागते, ही बाब वरकरणी निव्वळ तांत्रिक वाटते. परंतु छटा काढायची म्हटले की तिच्याखाली फुलाचा स्वतःचा खरा रंग आहे हे गृहीत धरावे लागते, आणि दर्शनशास्त्रातील एक जुना वाद तिथेच जागा होतो.

अद्वैत वेदान्तात स्फटिक आणि जास्वंदीचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. तांबड्या फुलाशेजारी शुभ्र स्फटिक तांबडा भासतो, पण तो तांबडेपणा उपाधीचा, म्हणजे जवळ राहून आपला धर्म दुसऱ्यावर भासवणाऱ्या वस्तूचा असतो. ती दूर झाली की स्फटिक होता तसाच दिसतो. छटेची नेहमीची दुरुस्ती याच वळणाची आहे. फ्लॅशचा प्रकाश सुमारे ५५०० केल्विनचा, म्हणजे दुपारच्या उन्हासारखा असला, तरी तो रंगीत भिंतीवरून परतून आला की मोगऱ्याच्या पांढऱ्यावर त्या भिंतीची झाक येते, आणि त्याच उजेडात धरलेल्या करड्या पट्टीवरून ती मोजून वजा करता येते. नैयायिकांनाही हे रुचले असते, कारण त्यांच्या मते रूप हा द्रव्याचाच गुण असून प्रकाश केवळ साहाय्यक कारण आहे; तेजाचे रूप भास्वर शुक्ल, म्हणजे झळाळते पांढरे, मानल्यामुळे अग्नीचा तांबूसपणासुद्धा ते पार्थिव अंशाच्या माथी मारतात.

अजेराटमसारख्या काही निळ्या फुलांपुढे मात्र ही वाट खुंटते. त्यांच्या पाकळ्या निळ्याबरोबरच ७०० नॅनोमीटरच्या आसपासचा आणि त्यापुढचा, अवरक्ताला टेकलेला प्रकाशही भरपूर परावर्तित करतात. तिथे मानवी डोळा जवळजवळ आंधळा असतो, पण रंगीत फिल्मचा तांबडा टिपणारा थर त्याची नोंद घेतो आणि फूल गुलाबीसर उमटते. शेजारची करडी पट्टी त्याच चित्रात बिनदोष करडी असते, म्हणजे वजा करण्याजोगी उपाधी प्रकाशात नसतेच. अशा वेळी पीतशंखाचा दृष्टान्त अधिक जवळचा ठरतो: कावीळ झालेल्याला शंख पिवळा दिसतो, तेव्हा दोष शंखाचा नव्हे, इंद्रियाचा मानला जातो. तरीही फिल्मला कावीळ झाली असे म्हणणे घाईचे होईल, कारण तिने नोंदलेला प्रकाश पाकळीवरूनच आलेला असतो. अतिनील पाहणाऱ्या आणि तांबड्याला जवळपास अंध असलेल्या मधमाशीला निवाडा सोपवला, तर दोषी माणसाचा डोळाही ठरेल.

म्हणून गुलाबी झाक तेवढी निवडून निळ्याकडे वळवणे योग्य असले, तरी ती उपाधीची निवृत्ती नव्हे. तिथे एका साक्षीदाराची साक्ष दुसऱ्याच्या साक्षीवरून बदलली जाते. यावरून रंग मनःकल्पित ठरत नाही, कारण पाकळी कोणता प्रकाश किती परतवते हे पाहणाऱ्यावर अवलंबून नसते. अवलंबून असते ते त्या प्रकाशाचे निळे किंवा गुलाबी होणे. उद्यानशास्त्राने हा पेच व्यवहारात संकेताने सोडवला आहे: रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या १९६६ पासूनच्या रंगतक्त्यातील पट्ट्यांशी ताजे फूल उत्तरेकडून येणाऱ्या, थेट ऊन नसलेल्या उजेडात डोळ्यांनी ताडून पाहिले जाते आणि जुळणाऱ्या पट्टीचा क्रमांक त्या वाणाच्या वर्णनात लिहिला जातो.