मधला माणूस

खेड्यापाड्यांत पूर्वी पत्र आले, की ते वाचून दाखवायला कुणीतरी लागे. आमच्या सोयगावसारख्या तालुक्यांतून हे काम पोस्टमन किंवा शाळामास्तर करीत. शहरात गेलेल्या मुलाची खुशाली, भावाभावांतले भांडण, सावकाराचा तगादा, सारे त्यांच्या डोळ्यांखालून जाई. मधला माणूस वाचलेले पोटात ठेवील, या भरवशावर कित्येक घरांची अब्रू टिकली. आज मोबाइलवर आलेला बँकेचा आकडा वाचता येत नाही म्हणून दुकानदाराच्या हाती फोन देणारी म्हातारी माणसे पाहिली, की मधला माणूस अजून गेलेला नाही, हे ध्यानात येते.

या मधल्या माणसावर विसंबण्याची गरजच संपवता येईल का? क्वांटम संदेशवहनाच्या जाळ्यांवर काम करणारे तरुण संशोधक नेमक्या याच प्रश्नाशी झुंजत आहेत. १९८४ साली बेनेट व ब्रासार्ड यांनी एकेका प्रकाशकणाच्या साहाय्याने गुप्त किल्ली पाठवण्याची रीत मांडली. वाटेत कुणी डोकावले, तर प्रकाशकणाची अवस्था बिघडते आणि चोरी उघड होते. अडचण अंतराची आहे. काचतंतूतून शंभर किलोमीटर गेल्यावर शंभरातला जेमतेम एक कण पोहोचतो. आणि त्याची हुबेहूब प्रत काढून पुढे धाडावी, तर निसर्गच ते करू देत नाही. म्हणून चीनने २०१७ मध्ये बीजिंग ते शांघाय अशी सुमारे २००० किलोमीटरची वाहिनी उभारली, तेव्हा मध्ये ३२ ठाणी ठेवावी लागली. प्रत्येक ठाण्यात किल्ली उघडी होते. शास्त्रज्ञ त्यांना 'विश्वासू ठाणी' म्हणतात. म्हणजे आपला जुना पोस्टमनच!

आपल्याकडे फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रयागराज ते विंध्याचल या शंभराहून अधिक किलोमीटरच्या मार्गावर ही रीत यशस्वी झाली. १९ एप्रिल २०२३ रोजी केंद्र सरकारने ६००३.६५ कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले. प्रकाशकणाची अवस्था क्षणभर जपून ठेवणारी 'क्वांटम स्मृती' साधणे आणि तिच्या आधारे जाळे विणणे, हेही त्याचे एक उद्दिष्ट आहे. ती साधली, तर ठाण्यांवर विसंबावे लागणार नाही.

मग विश्वास हा सद्गुण निकामी होईल काय? मला तसे वाटत नाही. दाराला कुलूप लावणे हा शेजाऱ्याचा अपमान नव्हे. उलट त्याच्यावरचा मोह टळतो. मधल्या माणसाचे शील पारखण्याचे साधन गरिबाजवळ नसते, म्हणून त्याच्यासाठी असे कुलूप घडवणे हे पुण्यकर्मच आहे. परंतु हे कुलूप केवळ वाट राखते, वाटेची दोन टोके राखीत नाही. गुपित सुखरूप पोहोचल्यावर ते चव्हाट्यावर मांडणाऱ्याला भौतिकशास्त्राचा कोणताही नियम अडवीत नाही. पापनिवेदनाचे गुपित आजवर राखले गेले, ते धर्मगुरूंच्या मौनामुळे. त्यासाठी कोणतेही यंत्र नव्हते.

आणि हे कुलूप घडवणाऱ्याचे काय? पीएच.डी.नंतरची ही नेमणूक बहुधा दोन-तीन वर्षांची असते. मुदत सरत येते, निबंध छापून यायचा असतो, पुढची नोकरी त्यावरच ठरायची असते. अशा वेळी रात्री एकटाच बसून तो आपली मोजमापे वहीत उतरवीत असतो. मनासारखी न आलेली नोंद गाळली, तर त्या घटकेला विचारणारा कुणी नसतो. ज्या जाळ्यावर उद्या देश विसंबेल, ते त्या वहीतल्या आकड्यांवर उभे आहे. विश्वासाची गरज संपवायला निघालेला हा तरुण स्वतःच एक विश्वासू ठाणे आहे.

वाचकहो, आपल्या घरांतली हुशार मुले-मुली अशा प्रयोगशाळांत जावीत, असे मला मनापासून वाटते. त्यांना गणित शिकवायला चांगले शिक्षक भेटतील. पण दुसऱ्याचे पत्र उघडू नये आणि न आवडणारा आकडाही खोडू नये, एवढे मात्र त्यांनी घरूनच शिकून जायला हवे.