मातीचा गुरू

महाभारतातल्या काही गोष्टी लहानपणी ऐकताना एक अर्थ सांगतात, आणि केस पिकल्यावर आठवल्या की दुसराच. एकलव्याची गोष्ट त्यांतली एक. शाळेत ती आम्हांला गुरुभक्तीचा धडा म्हणून शिकवली गेली. निषादांचा राजा हिरण्यधनू याचा हा मुलगा धनुर्विद्या शिकायला द्रोणाचार्यांकडे गेला. त्यांनी त्याला निषाद म्हणून परत पाठवले. त्याने रानात जाऊन आचार्यांची मातीची मूर्ती घडवली आणि तिच्यापुढे नेम धरून धरून तो असा तरबेज झाला की भुंकणाऱ्या कुत्र्याचे तोंड त्याने सात बाणांनी बंद केले. पुढे द्रोणांनी गुरुदक्षिणा म्हणून उजव्या हाताचा अंगठा मागितला आणि त्याने तो हसतमुखाने कापून दिला. गुरुजी इथे थांबत, आम्ही हळहळत असू, आणि तास संपत असे.

अलीकडे मात्र या गोष्टीतला एक निराळाच प्रश्न माझ्या मनात घर करून बसला आहे. द्रोणांनी अंगठा मागावा की नाही, यावर पुष्कळ लिहून झाले. माझा प्रश्न मातीविषयी आहे. त्या मूर्तीने एकलव्याला नक्की काय शिकवले? आणि जिवंत गुरू जवळच असताना एका मुलाला मातीच्या गुरूवर भागवावे लागले, हे देणे कोणाच्या खाती मांडायचे?

प्रश्न जुना असला तरी निकड आजची आहे. आता घरोघर त्या मूर्तीच्या जागी काचेचा पडदा आला आहे. गणित, इंग्रजी, शिवणकाम, वेल्डिंग, हार्मोनियम, संगणकाची भाषा, जे म्हणाल ते शिकवणारा कोणी ना कोणी त्या काचेआड बसलेला असतो. चित्राकडून शिकण्याचा प्रयोग आपल्याकडे तसा नवा नाही. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, एका अमेरिकन उपग्रहाच्या साह्याने, सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे संच लावून शेतीचे, आरोग्याचे आणि शाळकरी मुलांसाठीचे धडे दाखवण्यात आले होते. तेव्हा एका संचापुढे अख्खे गाव बसे. २०१७ साली केंद्र सरकारने ‘दीक्षा’ आणि ‘स्वयं’ सुरू केले. २०२०च्या मार्चमध्ये करोनाने शाळांची दारे बंद केली, तेव्हा ज्याला परवडले त्याच्या तळहातावर शाळा आली. पूर्वी गाव पडद्यापुढे जमे. आता पडदा प्रत्येकाला गावापासून बाजूला घेऊन शिकवतो.

या नव्या गुरूची टवाळी करणाऱ्यांत मी नाही. आमच्या वयाची माणसे गुरुकुलाच्या कल्पनेने गहिवरतात. परंतु त्या अंगणात कोण बसत होते याबरोबरच कोण बसू शकत नव्हते, हेही विचारले पाहिजे. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींसाठी शाळा काढली, तेव्हा शिकवायला निघालेल्या सावित्रीबाईंच्या अंगावर शेणचिखल फेकला गेला. आमच्या विद्येच्या परंपरेला उंबरठा होता आणि तो चांगला उंच होता. पडद्याला उंबरठा नाही. तो कूळ विचारत नाही, गाव विचारत नाही, फाटक्या सदऱ्याकडे पाहत नाही. तेच गणित बारा वेळा विचारले तरी तो कपाळाला आठी घालत नाही, आणि मुख्य म्हणजे तो कोणाला ‘ढ’ म्हणत नाही. या एका अक्षराने आमच्या शाळांतून किती मुले कायमची गप्प झाली असतील! ऊसतोडीच्या पालावर बसून एखादी मुलगी रात्री मोबाइलवर अपूर्णांक समजून घेत असेल, तर तिच्यापुढे गुरुकुलाचे गोडवे गाण्याचा अधिकार मला नाही.

दार उघडले, हे खरे. आत गेल्यावर काय, एवढेच आता पाहायचे.

दिवाळी अंकाच्या वाचकांना समजावून सांगायला स्वयंपाकघराइतकी चांगली प्रयोगशाळा नाही. आमच्या शेजारच्या नव्या सूनबाईंनी गेल्या दिवाळीत अनारशांचा घाट घातला. तांदूळ तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलणे, सावलीत सुकवणे, कुटून चाळणे, गूळ मिसळून मुरत ठेवणे, सारे काही मोबाइलवरच्या बाईंनी सांगितले तसे. कुठे रतिभर चूक नाही. तरी पहिलाच अनारसा तुपात पडला आणि हसला. आमच्याकडे अनारसा हसला म्हणजे घरातले कोणी हसत नाही, हे सांगायला नको. सूनबाईंनी ती चित्रफीत पुन्हा लावली. बाई पुन्हा तितक्याच प्रसन्नपणे तोच अनारसा तळू लागल्या. शेवटी सासूबाई उठून आल्या. त्यांनी पीठ चिमटीत घेतले, बोटांवर चोळले आणि म्हणाल्या, “ओल राहिलीय गं. थोडी पिठी मिसळ.” पुढच्या अनारशाला जाळी पडली.

मोबाइलवरच्या बाई काही चुकीचे सांगत नव्हत्या. पण त्यांना दिसत होते त्यांचे पीठ. हिचे पीठ त्यांना दिसत नव्हते. आपण गुरूला पाहतो आणि गुरू आपल्याला पाहत नाही, हा मूर्तीचा धर्म आहे.

मग एकलव्य शिकला कसा? बाण डावीकडे गेला हे त्याला कोणी सांगितले? त्याचे त्यानेच. तो एकाच वेळी शिष्यही होता आणि परीक्षकही. आपल्या चुकीवर रोज निष्ठुरपणे बोट ठेवण्याची ताकद त्याच्यापाशी होती. ती सर्वांपाशी नसते. २०११ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवणाऱ्या दोघांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम इंटरनेटवरून जगाला मोफत खुला केला. सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी नावे घातली. शेवटपर्यंत पोहोचले ते वीस-एक हजार. त्या वीस हजारांचे मला मनापासून कौतुक वाटते. पण शिक्षणाची व्यवस्था एकलव्यांसाठी उभारायची नसते. ते रानातही शिकतात. ती उभारायची असते उरलेल्यांसाठी, ज्यांना अधूनमधून कोणीतरी ‘अरे, कोपर खाली घे’ असे सांगावे लागते.

यावर आजचे तंत्रज्ञ म्हणतील, ‘आता तीही अडचण राहिली नाही. आमच्या मूर्तीला डोळे फुटले आहेत.’ त्यांचे म्हणणे खोटे नाही. या डोळ्यांचा शोध बराच जुना आहे. १९५३ साली बी. एफ. स्किनर हे मानसशास्त्रज्ञ आपल्या मुलीच्या गणिताच्या वर्गात जाऊन बसले. वर्गातली सगळी मुले एकाच गतीने हाकली जातात आणि आपले उत्तर बरोबर की चूक हे मुलाला लगेच कळत नाही, या दोन गोष्टी त्यांना खटकल्या, आणि त्यांनी शिकवणारे यंत्रच तयार केले. मुलाने उत्तर द्यावे, यंत्राने तिथल्या तिथे निकाल सांगावा, मगच पुढे जावे. आजची कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे त्या लाकडी पेटीची फार मोठी झालेली नात. मुलाची चूक कोणत्या पायरीवर झाली हे ती ओळखते, गणित सोपे करून देते, त्याच्या भाषेत बोलते. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात दमून गेलेल्या मास्तरांना जे जमत नाही, ते तिला पुष्कळदा जमते.

तर मग माणसापाशी काय उरले?

मराठीत आपण म्हणतो, तो अमक्याच्या ‘हाताखाली’ शिकला. काम जमू लागले की म्हणतो, आता त्याचा ‘हात बसला’. आपल्या भाषेने कौशल्याचा संबंध डोळ्यांपेक्षा हाताशी जोडून ठेवला आहे, आणि त्यात मला मोठे शहाणपण दिसते. माझ्या ओळखीचा एक तरुण पंपाच्या मोटारींचे वाइंडिंग मोबाइलवर पाहून शिकला. तारेची जाडी, वेढ्यांची संख्या, सारे त्याला मुखोद्गत. पुढे तो तालुक्याच्या एका जुन्या मिस्त्रींच्या हाताखाली राहिला. ते फारसे बोलत नाहीत. चालू मोटारीवर तळहात ठेवतात आणि म्हणतात, “हात ठेव. काय म्हणतेय ऐक.” बेअरिंग गेले की तापणे कसे वेगळे, कापरे कसे वेगळे, हे त्या तळहाताला माहीत आहे आणि ते सांगायला त्यांच्यापाशी शब्द नाहीत. उद्या हे कापरे मोजणारे यंत्रही त्या दुकानात येईल, येऊ द्या. पण त्या तरुणाने मला सांगितली ती गोष्ट वेगळीच होती. तो म्हणाला, “पंप बंद पडला की शेतकरी रात्री मिस्त्रींचं दार वाजवतो, माझं नाही. काम मी केलेलं असतं. मिस्त्री मला काही बोलत नाहीत, बॅटरी घेऊन निघतात. तेव्हापासून मी एकेक वेढा मोजून घालतो.”

माणसापाशी जे उरते ते हे. यंत्राला माझी चूक दिसते, परंतु माझ्या चुकीची लाज त्याला वाटत नाही. ‘हा माझ्या हाताखालून गेलेला पोरगा’ असे म्हणताना गुरू आपले नाव शिष्यापाशी गहाण ठेवतो. हे ओझे शिष्याला जाणवते, आणि मला वाटते, कसबाचे सचोटीत रूपांतर तिथे होते. वेढे मोजायला पडदा शिकवील. अंधारात कोणी पाहत नसतानाही ते मोजावेत, हे मात्र आपल्यासाठी रात्री बॅटरी घेऊन निघालेल्या माणसाकडूनच कळते.

आता दक्षिणेचे. नवा गुरू पुष्कळदा फुकट शिकवतो. पण मातीच्या मूर्तीने काही मागितले नाही म्हणून एकलव्य फुकट शिकला असे झाले नाही. मागणारे मागाहून आले. मुलगा अपूर्णांक शिकायला मोबाइल उघडतो, आणि धडा संपण्याच्या आत शेजारून कोणी नाचत येते, कोणी खेळायला बोलावते. तासाभराने पाहावे तर त्याचा अंगठा काचेवर वरखाली फिरतच असतो. द्रोणांनी अंगठा एकदाच मागितला. हा गुरू तो कापत नाही. रोज थोडा थोडा आपल्या कामाला लावतो.

म्हणून पडदा फोडा, असे मी म्हणणार नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून धडे बोलके केले, आणि २०२० साली दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. कोड कोणीही चिकटवील. ही वाटणी कोणत्या कोडमध्ये बसवणार? त्याच साली सोलापूर शहरातल्या नीलमनगर भागात, ज्या मुलांच्या घरी मोबाइल नव्हते त्यांच्यासाठी शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. साधन नव्हते, पण मूल कुठे राहते हे ठाऊक असलेला माणूस होता. आणि शिरूर तालुक्यातल्या पाबळला १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम उभारला, तो मुलांनी प्रत्यक्ष बांधून, पेरून, जोडून शिकावे म्हणून. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर घरी ठेवून सुतार, कुंभार, माळी यांच्यापाशी जावे असे सुचवले आहे. दहा दिवस थोडे आहेत. पण निदान दिशा हाताची आहे.

साधन चांगले की वाईट, हा वाद मला म्हणूनच दुय्यम वाटतो. खरा प्रश्न वाटणीचा आहे. जरा आपल्या भोवती पाहा. ज्याला परवडते तो मुलासाठी मोबाइलही घेतो आणि शिकवणीला माणूसही ठेवतो. तबल्याला, पोहण्याला, बुद्धिबळाला जिवंत गुरू शोधतो. आणि वाडीवरच्या शाळेत शिक्षक कमी पडले की हाच गृहस्थ म्हणतो, ‘आता त्यांना टॅब्लेट द्या, सगळे त्यात असते!’ आपल्या अर्जुनाला द्रोण आणि दुसऱ्याच्या एकलव्याला माती, ही वाटणी फार जुनी आहे. मातीच्या ठिकाणी काच आली म्हणून ती न्याय्य होत नाही. एकलव्य मूर्तीपुढे शिकला, हे त्याचे मोठेपण. त्याला मूर्तीपुढे शिकावे लागले, हे हस्तिनापूरचे देणे. आणि ते मूर्ती अधिक सुबक केल्याने फिटत नाही.

धोरणे सरकार ठरवील, ठरवू द्या. आपल्यापुरते एक करता येते. दिवाळीच्या सुटीत आपल्या घरी कामाला येणाऱ्या मावशींचा मुलगा, इमारतीच्या रखवालदाराची मुलगी जिन्यात बसून मोबाइलवर काही शिकत असेल. तिला फराळाची पुडी आपण देतोच. पुडी देऊन झाल्यावर क्षणभर तिच्याशेजारी त्याच पायरीवर बसावे, आणि विचारावे, “काय करतेस? बघू, कुठे अडलंय?”