अचल

संस्कृत कोशांत पर्वतास ‘अचल’ असें नांव आहे. ‘अग’ व ‘नग’ यांचाही अर्थ तोच. नाशिकास राहणाऱ्या आम्हांस तें सार्थ वाटतें. ब्रह्मगिरि, अंजनेरी, रामशेज आमच्या आजोबांनीं पाहिले तसेच आम्ही पाहतों.

भूस्तरशास्त्र मात्र निराळेंच सांगतें. हा सारा काळा खडक एके काळीं वाहत होता. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं, हिमालयाचा जन्म व्हावयाचा असतांना, भूमीस भेगा पडून लाव्हारस निघाला, पसरला व थिजला. त्या थरावर दुसरा, त्यावर तिसरा. पुढें मऊ थर झिजले, कठीण थर कड्यांच्या रूपानें उरले आणि डोंगरांस पायऱ्या आल्या. या खडकास ‘ट्रॅप’ म्हणतात तें त्यामुळेंच. मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ जिना. आमचे डोंगर हिमालयाप्रमाणें घड्या पडून उठलेले नव्हेत. पावसानें नेतां नेतां जें उरलें तेंच डोंगर होय.

“झिजणें हाच त्यांचा धर्म, तर सुरुंग लावून खडी काढणारानें अधिक काय केलें?” असें एका विद्यार्थ्यानें वर्गांत विचारलें, आणि आम्हांस तत्काळ उत्तर सुचलें नाहीं.

आम्हीं पांडवलेण्यांकडे बोट दाखविलें. त्रिरश्मि डोंगर तेथेंही फोडलाच गेला. पण गौतमी बलश्रीनें लेणें भिक्षूंस दिलें, आणि कोणीं, कोणास दिलें हें भिंतीवर कोरून ठेविलें. तिच्या पुत्राचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, पराक्रम आपणांस ठाऊक आहे तो बव्हंशीं त्याच लेखामुळें. खडीच्या ढिगावर असा लेख कोण कोरणार? विद्यार्थी म्हणाला, रस्ताही सर्वांसाठींच असतो. शिवाय त्याच डोंगराच्या खाणींत सांपडलेले हिरवे स्फटिक आज परदेशीं संग्रहालयांत आहेत, खाण नसती तर ते कोणीं पाहिले असते? हें खरें आहे, आणि आम्हीं तें मान्य केलें.

तरीही मृत्यु सर्वांस आहे म्हणून हत्या निर्दोष ठरत नाहीं. पाऊस डोंगर नेतो, पण त्याची काळी माती करून शेतकऱ्याच्या हातीं देतो, आणि त्यास लक्षावधि वर्षें लावतो. पावसास निवड करतां येत नाहीं, आपणांस येते. डोंगर सजीव नाहीं हा आक्षेप आम्हांस फारसा भारी वाटत नाहीं, कारण त्याच्या पोटांत मुरलेलें पाणी पिणारे सजीव आहेत, आणि त्यांतले पुष्कळसे अद्याप जन्मावयाचे आहेत.

विद्यार्थ्यानें हें शांतपणें ऐकून घेतलें. मग तो नम्रपणें म्हणाला, “सर, आपल्या नव्या घराची खडी कोठून आली?”

ठेकेदारास तें आम्हीं विचारलें नव्हतें.